तांबे, तारुण्य आणि संमती

तांबे हा धातू आपल्या घराला परका नाही. देवघरातील ताम्हण आणि पळी-पंचपात्री, देवळातील तीर्थाचे भांडे, अभिषेकाचे पात्र, न्हाणीतील भाण, या सर्वांशी आपली ओळख बालपणापासूनची आहे. सांप्रत हेच तांबे एका अगदी निराळ्या रूपाने घरात येऊ लागले आहे. लहानशा बाटलीत निळसर द्रव असतो. तो रात्री निजण्यापूर्वी चेहऱ्यास किंवा डोक्याच्या कातडीस लावावयाचा. आणि त्यायोगे सुरकुत्या मावळतील, विरळ झालेले केस पुन्हा दाट होतील, अशी आशा धरावयाची. या द्रव्यास ताम्र-पेप्टाइड असे म्हणतात.

हे द्रव्य लावावे की न लावावे, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. तो आम्ही वैद्यांवर सोपवतो. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. ज्याला आपण काय देत आहो हे पुरते सांगितलेले नाही, त्याने दिलेला पैसा त्याने खुशीने दिला असे म्हणता येईल काय? बोललेला प्रत्येक शब्द खरा असूनही व्यवहार खोटा असू शकतो काय? या लेखात आम्हांस एवढ्याच गोष्टीचा ऊहापोह करावयाचा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या इमारतीतील विटा होत. त्यांपैकी काही थोड्या एका ओळीत जोडल्या गेल्या म्हणजे जी लहान साखळी तयार होते, तिला पेप्टाइड म्हणतात. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन या तिघांच्या साखळीस शास्त्रज्ञांच्या संकेताक्षरांवरून जीएचके हे नाव पडले आहे. या साखळीला तांब्याची विलक्षण ओढ असते. तांबे तिला बिलगले म्हणजे ताम्र-पेप्टाइड बनते, आणि त्याचा निळा रंग हा त्या तांब्याचाच रंग होय.

ही साखळी कोणा कारखानदाराच्या कल्पनेतून निघालेली नाही. ती आपल्या रक्तातच असते. अमेरिकेत लॉरेन पिकार्ट या संशोधकाने १९७३ साली तिचा शोध प्रसिद्ध केला. वयस्क माणसांच्या यकृताच्या पेशी तरुण माणसांच्या रक्तद्रवात ठेवल्या असता त्या तरुण पेशींप्रमाणे प्रथिने घडवू लागतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. आणि या किमयेचे कारण शोधता शोधता ते या तीन कड्यांच्या साखळीपर्यंत येऊन पोहोचले. पुढे १९८० साली, ही साखळी पेशींपर्यंत तांबे पोहोचविण्याचे काम करीत असावी, असा विचार त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. विसाव्या वर्षी रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये या द्रव्याचे सुमारे २०० नॅनोग्रॅम असतात आणि साठीपर्यंत ते ८० च्या आसपास उतरतात, असेही पिकार्ट यांनी नमूद केले आहे. येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. १९७३ च्या त्या निबंधाच्या शीर्षकातच दोन बाबींचा निर्देश आहे: हे द्रव्य निरोगी यकृतपेशींचे आयुष्य वाढविते, आणि अर्बुदाच्या यकृतपेशींच्या वाढीसही चालना देते. काचेच्या भांड्यातील त्या निरीक्षणावरून मलमाने अर्बुद होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो रास्त होणार नाही. परंतु जाहिरातींत पहिली बाब पुनःपुन्हा भेटते आणि दुसरी भेटत नाही, एवढे मात्र खरे.

वृद्ध पेशींना तरुणांच्या रक्ताने आलेले हे चैतन्य वाचताना ययातीचे स्मरण कोणास होणार नाही? शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेल्या त्या राजाने आपल्या पुत्रांकडे यौवन मागितले. ययातीच्या वासनेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या कथेच्या एका अंगाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ययातीने पुत्रांना फसविले नाही. काय द्यावयाचे आणि त्याच्या बदल्यात काय घ्यावयाचे, हे त्याने प्रत्येकाला उघड सांगितले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू या चौघांनी नकार दिला. पुरूने होकार दिला. नकार देणाऱ्यांवर राजा रुष्ट झाला, ही त्याची चूक म्हणता येईल. परंतु पुरूने जरा स्वीकारली ती जाणून स्वीकारली. व्यवहार अघोरी होता, तरी अंधारातला नव्हता. आजच्या निळ्या बाटलीच्या व्यवहाराबद्दल एवढे तरी म्हणता येते काय, हे आता पाहावयाचे आहे.

तांब्याचा केसांशी आणि कातडीशी काही संबंध नाही असे मुळीच नव्हे. कातडीला बळकटी आणि लवचिकपणा देणारे कोलॅजेन व इलॅस्टिन यांचे धागे एकमेकांत गुंफण्याचे काम जे विकर करते, त्याला तांबे लागते. केसाला आणि कातडीला रंग देणारे द्रव्य घडविणाऱ्या विकरालाही तांबेच लागते. १९६२ साली जॉन मेंकीस यांनी अर्भकांच्या एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले. त्यात बालकाचे केस ठिसूळ, फिकट आणि पीळ पडलेले असतात, आणि मेंदूचीही हानी होते. याचे कारण दहा वर्षे उमगले नव्हते. १९७२ साली ऑस्ट्रेलियातील डेव्हिड डँक्स यांना ते सापडले. ज्या जमिनीत तांबे कमी, त्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर जशी बिघडते, तसेच या बालकांचे केस दिसतात, हे साम्य त्यांनी हेरले आणि त्यावरून रोगाच्या मुळाशी तांब्याचा अभाव आहे हे त्यांनी दाखवून दिले. मेंढीच्या लोकरीवरून मानवी अर्भकाच्या व्यथेचा उलगडा व्हावा, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोठी हृद्य गोष्ट आहे.

याची दुसरी बाजूही आहे. १९१२ साली विल्सन यांनी वर्णिलेल्या रोगात तांबे शरीराबाहेर टाकले जात नाही; ते यकृतात व मेंदूत साठत जाते, डोळ्याच्या बुबुळाभोवती त्याचे कडे उमटते, आणि उपचार न झाल्यास रोगी दगावतो. प्रौढ माणसाला दिवसाकाठी एक मिलिग्रॅमहूनही थोडे कमी तांबे पुरते, आणि ते सामान्य आहारातून मिळते. तेव्हा तांबे कमी पडले तर केस बिघडतात हे सत्य आहे. पण म्हणून वरून अधिक दिले तर केस वाढतात, हा तर्क नव्हे, तर्काभास होय. दिव्यातले तेल संपले तर दिवा विझतो. म्हणून भरल्या दिव्यावर आणखी तेल ओतल्याने ज्योत मोठी होत नाही. ताम्र-पेप्टाइडचे कार्य याहून काही निराळ्या मार्गाने चालत असेल, नव्हे, चालते असे त्याचे अभ्यासक म्हणतात. पण मग ते स्वतंत्रपणे सिद्ध केले पाहिजे, तांब्याच्या सर्वमान्य थोरवीवर ते खपविता कामा नये.

सिद्ध काय झाले आहे? १९८८ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की, काचेच्या भांड्यात वाढविलेल्या कातडीच्या पेशी या द्रव्याच्या सान्निध्यात अधिक कोलॅजेन घडवितात. २००७ साली कोरियातील संशोधकांनी याच्याच एका भावंडाचा, म्हणजे ग्लायसीनच्या जागी अ‍ॅलनीन असलेल्या साखळीचा, प्रयोग शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या मानवी केसांच्या मुळांवर केला. तेव्हा ते केस अधिक लांब वाढले. २००२ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात एक अभ्यास सादर झाला. त्यात उन्हाने त्वचा जून झालेल्या ७१ स्त्रियांनी १२ आठवडे ताम्र-पेप्टाइडयुक्त मलम लावले, आणि त्वचा सुधारल्याचे नोंदविले गेले. या गोष्टी खोट्या नाहीत आणि क्षुल्लकही नाहीत. परंतु काचेच्या भांड्यातील पेशी म्हणजे जिता माणूस नव्हे, आणि काही आठवड्यांचे निरीक्षण म्हणजे निर्णय नव्हे. केसांसाठी लावावयाच्या मिनॉक्सिडिल या औषधास १९८८ साली अमेरिकेत पुरुषांकरिता मान्यता मिळाली, ती मोठ्या संख्येने माणसांवर, नुसत्या द्रवाशी तुलना करून घेतलेल्या कसोट्यांनंतर मिळाली. ताम्र-पेप्टाइडला डोक्यावर केस उगविणारे औषध म्हणून तशी मान्यता मिळालेली नाही. आशेला जागा आहे, खात्रीला नाही. न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे दाव्यात तथ्य दिसते, पण पुरावा पूर्ण झालेला नाही.

येथे कोणी सात्त्विक वृत्तीचा वाचक म्हणेल की, इतका खल हवा कशाला? देह नश्वर आहे. केस पिकावयाचे आणि गळावयाचेच. जो तारुण्याच्या मागे लागला तो नागवला तर त्यात नवल ते काय? आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. आपल्या परंपरेने निरोगी दीर्घायुष्याची आणि टिकाऊ तारुण्याची इच्छा कधीही पाप मानलेली नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन हे एक स्वतंत्र अंग आहे, आणि चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाने होतो. जराजर्जर च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. त्यात च्यवनांना कोणी दोष देत नाही. चरकाने मात्र त्या प्रकरणात एक अट घातली आहे, आणि ती आमच्या मते फार मोलाची आहे. सत्य बोलणारा, क्रोध न करणारा, दयाळू, संयमी असा जो मनुष्य, तो औषधावाचूनही रसायनाचे फळ पावतो, असे तेथे सांगितले आहे. यालाच आचाररसायन म्हणतात. म्हणजे ज्या शास्त्राने तारुण्याच्या इच्छेला जागा दिली, त्याच शास्त्राने सत्याला त्या तारुण्याच्या साधनांत बसविले. रसायन देणाराच असत्याने वागेल तर ते त्या शास्त्राच्या मुळावरच घाव घालणे होय.

शिवाय केस ही नगण्य वस्तू आहे असे निदान आपण तरी म्हणू नये. बालकाचे जावळ आपण विधिपूर्वक काढतो. तिरुपतीला लक्षावधी स्त्रीपुरुष आपले केस वेंकटेशाला अर्पण करतात. देवस्थान त्या केसांचा लिलाव करते, आणि पुढे त्यांचे टोप बनून देशोदेशी जातात. जी स्त्री नवस फेडण्यासाठी गुडघ्याएवढा केशसंभार हसत उतरविते, तिच्या मुद्रेवर दैन्य नसते. आणि याच समाजात, फार जुन्या काळी नव्हे, विधवेचे केशवपन बलात्काराने होत असे. वस्तरा तोच, केस तेच. एक कृती भक्ती आणि दुसरी क्रौर्य. भेद एवढाच की, पहिलीत देणारीची संमती होती आणि दुसरीत ती कोणी विचारलीही नव्हती. ज्या समाजाने केसांच्या निमित्ताने स्त्रियांना एवढे दुःख दिले, त्याने आज केस गळाले म्हणून रडणाऱ्या मुलीला वैराग्याचे पाठ द्यावेत, हे शोभणारे नाही.

तेव्हा इच्छेला दोष नाही आणि वस्तूतही सर्वथा असत्य नाही. मग दोष असलाच तर कोठे? तो संमतीच्या ठिकाणी शोधला पाहिजे.

आमच्या व्यवसायात एक गृहस्थ भेटले. त्यांची कन्या डेंगीच्या तापातून उठली, आणि दोनतीन महिन्यांनी तिचे केस फणीबरोबर झुबक्यांनी येऊ लागले. लग्नाची बोलणी चालू होती. घाबरून त्यांनी या निळ्या द्रवाच्या बाटल्या आणण्यास आरंभ केला. सहासात महिन्यांत केस पुन्हा भरू लागले. मग तक्रार कसली, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तक्रार नाही, धास्ती आहे. बाटली बंद केली आणि केस पुन्हा गळले तर? आणि चालू ठेवावी तर पगारात भागत नाही." ज्या वैद्यांकडे ते पुढे गेले त्यांनी त्यांची समजूत घातली. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांनंतर दोनतीन महिन्यांनी केस गळू लागावेत, आणि पुढील काही महिन्यांत बहुधा ते आपोआप परत यावेत, ही वैद्यांच्या चांगल्या परिचयाची अवस्था आहे. निसर्ग जे फुकट देणार होता त्याचे श्रेय बाटलीने घेतले, आणि वर एका कुटुंबाला कायमची भीती देऊन ठेवली. त्या बाटलीच्या वेष्टनावरील अक्षर न् अक्षर आम्ही वाचून पाहिले. एकही शब्द खोटा नव्हता. केस दाट दिसण्यास साहाय्य होते, एवढेच तेथे लिहिले होते.

"दिसण्यास" या एका शब्दावर सारे प्रकरण तोललेले आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात, आणि आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात, औषध आणि सौंदर्यप्रसाधन यांत भेद केलेला आहे. स्थूलमानाने सांगावयाचे तर, जे देहाच्या घडणीत वा कार्यात पालट घडविण्यासाठी, ते औषध. आणि जे देह स्वच्छ करण्यासाठी, सुशोभित करण्यासाठी किंवा त्याचे रूप पालटण्यासाठी, ते प्रसाधन. औषधाला आपला गुण सिद्ध करावा लागतो. प्रसाधनावर तो भार नाही. इतकेच नव्हे, तर आपल्याकडील १९४५ च्या नियमांच्या जे परिशिष्टात ज्या व्याधी दूर करण्याचा दावा औषधानेही करू नये असे म्हटले आहे, त्यांत टक्कल, अकाली पिकलेले केस आणि नव्या केसांची उगवण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा करणारांना मनुष्याच्या या दुबळ्या जागा ठाऊक होत्या. म्हणूनच विक्रेता "उगवतात" असे लिहीत नाही, "दिसतात" असे लिहितो. आणि त्या वाक्याशेजारी पेशींचे चित्र, शास्त्रज्ञाचे नाव आणि १९७३ हे साल छापतो. वाचणारा "उगवतात" असेच वाचतो. औषधाची प्रतिष्ठा आणि प्रसाधनाची मोकळीक, दोहोंचा लाभ एकाच बाटलीत भरला जातो, आणि दोहोंपैकी एकाचीही जबाबदारी अंगावर येत नाही.

१८७२ च्या करार कायद्याच्या तेराव्या कलमात संमतीची जी व्याख्या आहे, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकविली जाते. दोन माणसे एकाच गोष्टीविषयी एकाच अर्थाने एकमत झाली म्हणजे संमती झाली, असा तिचा आशय आहे. आमच्या त्या गृहस्थांनी केसांची उगवण विकत घेतली होती. विक्रेत्याने केसांचे दिसणे विकले होते. पैसा हातातून हातात गेला, पण अर्थ एक नव्हता. न्यायालयात कदाचित हा युक्तिवाद टिकणार नाही. कारण वेष्टनावरील शब्द स्पष्ट होते, आणि सतराव्या कलमाखालील स्पष्टीकरणानुसार केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, जोवर बोलण्याचे कर्तव्य अंगावर येत नाही तोवर. काळाच्या ओघात कायदाही पुढे सरकला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी ठरविली, आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही खोटी वा भ्रामक कल्पना करून देण्यास मनाई आहे. परंतु एका बाटलीसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? कन्येच्या केसांची गोष्ट चारचौघांत कोण नेणार? लज्जा हा या व्यापाराचा मुका भागीदार आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथेच धर्माचे काम सुरू होते. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवावयास लावणारे युधिष्ठिराचे वाक्य शब्दशः असत्य नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला गेला होता. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारतकार सांगतात. कोणत्याही न्यायसभेने युधिष्ठिराला दंड केला नसता. ऐकणारा आपल्या शब्दांतून काय समजणार आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक होते, आणि त्याने तेच समजावे अशी त्याची इच्छा होती. दोष येथे आहे. सत्य शब्दांत राहत नाही, ते एका मनातून दुसऱ्या मनात जे पोहोचते त्यात राहते.

या आमच्या विवेचनावर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेझर किरणांनी चेहऱ्याच्या कातडीवर उपचार केलेल्या मोजक्या रुग्णांपैकी काहींनी पुढे ताम्र-पेप्टाइड लावले, काहींनी लावले नाही. कोणी काय लावले हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांना लाली, सुरकुत्या आणि कातडीचा पोत यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. परंतु ज्यांनी ते लावले होते त्यांना स्वतःला मात्र आपली कातडी अधिक सुधारल्याचे वाटले. आता आक्षेपक विचारील: मनुष्याला समाधान मिळाले ना? मग ते कातडीतून आले की मनातून, याची चौकशी कशाला? देवळातून परतणाऱ्या भाविकाची शांती आपण प्रयोगशाळेत मोजतो काय?

हा प्रश्न आम्हांस वरवरचा वाटत नाही. समाधान हे समाधानच असते, त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार परक्याला नाही. परंतु दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. देवासमोर हात जोडणारा श्रद्धेने जोडतो आणि आपण श्रद्धेने जोडत आहो हे जाणतो. कोणी त्याला मोजमापाचे आश्वासन दिलेले नसते. बाटली घेणारा श्रद्धा विकत घेत नाही, परिणाम विकत घेतो. त्याच्या मनात समाधान उपजले तर ते त्याचे स्वतःचे धन होय; विक्रेत्याने ते आपल्या मालाचा पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे दुसऱ्याच्या धनावर आपले नाव लिहिणे होय. आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, पुरी माहिती दिली असती तरी जर त्याने ती बाटली घेतली असती, तर त्यात कोणाचेच काही बिघडले नव्हते. "याचा पेशींवर परिणाम दिसला आहे, माणसांवरचा पुरावा थोडा आहे, तुमचे केस तापाने गळले असतील तर ते बहुधा आपोआप येतील, तरी पाहिजे असल्यास लावून पाहा." एवढी चार वाक्ये ऐकून ज्याने पैसे मोजले त्याचा पैसा निर्मळ आहे. ती ऐकल्यावर जो घेणार नाही, त्याच्याकडून ती न सांगता घेतलेला पैसा निर्मळ नाही. ही कसोटी सोपी आहे आणि ती कोणत्याही दुकानदाराला स्वतःपुरती लावता येते: जे मी सांगितले नाही ते सांगितले असते तर हा गिऱ्हाईक परत फिरला असता काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्याचे मौन हे मौन नव्हे, हातचलाखी होय.

या मौनाची किंमत सर्वत्र सारखीच नसते. कातडीवर लावलेल्या मलमापेक्षा टोचून घ्यावयाच्या सुईचा धोका अर्थातच अधिक. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली, टोचून देण्याच्या ताम्र-पेप्टाइडचा समावेश सुरक्षिततेविषयी गंभीर शंका असलेल्या द्रव्यांच्या वर्गात केला होता. ज्या पदार्थाचे मलम सौम्य ठरले त्याची सुईही तशीच सौम्य असेल, असे मानणे हा पुन्हा तोच तर्काभास. येथे चुकलेल्या संमतीची किंमत पैशात नव्हे, आरोग्यात मोजावी लागते.

सारा भार विक्रेत्याच्या माथी मारून मोकळे होण्याचाही आमचा विचार नाही. त्या गृहस्थांना बाटली आणावयास लावणारी धास्ती बाटली विकणाऱ्याने निर्माण केली नव्हती. ती आपण निर्माण केली होती. मुलगी पाहावयास येणारी मंडळी तिच्या वेणीची जाडी डोळ्यांनी मोजतात, देवळाच्या सभामंडपात जुनी मैत्रीण भेटली की कुशल विचारण्यापूर्वी "केस किती गेले ग तुझे!" असे उद्गार निघतात, तिशीतल्या टकलाची थट्टा जत्रेच्या पंगतीत चविष्ट तोंडीलावणे म्हणून वाढली जाते. ज्या समाजात असे चालते तेथे कोणाची संमती पूर्णपणे मोकळी आहे असे म्हणता येईल? चौदाव्या कलमात मोकळ्या संमतीला बाधा आणणाऱ्या कारणांत बळजबरीबरोबरच गैरवाजवी दडपणाची गणना आहे. ते कलम करार करणाऱ्या दोघांपुरते आहे. भोवतालच्या समाजाला ते लागू होत नाही. परंतु ज्या दडपणाखाली माणसे आपली मिळकत निळ्या बाटल्यांवर ओततात, त्या दडपणात आपला प्रत्येकाचा थोडाथोडा वाटा आहे, आणि तो कमी करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी कायदा नको, परिषद नको. दुसऱ्याच्या मस्तकाविषयी जिभेला थोडा आवर घातला तरी पुरे.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. ताम्र-पेप्टाइड लावणारा मूर्ख नाही आणि पापीही नाही. ते विकणारा केवळ विकतो म्हणून अपराधी ठरत नाही. उद्या अधिक मोठ्या आणि कसोशीच्या चाचण्यांतून त्याचे म्हणणे खरेही ठरेल, आणि तसे झाल्यास आम्हांस आनंदच होईल. परंतु आज जे ठाऊक आहे ते सारे सांगणे आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा भास न करणे, हे त्याचे कर्तव्य आहे. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत जेवढी आशा छापली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तिची मर्यादा छापणे हे त्या कर्तव्याचे दृश्य रूप. घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि ते म्हणजे विचारणे: हे काचेच्या भांड्यात दिसले की माणसांत? किती माणसांत? आणि काहीच लावले नसते तर काय झाले असते? या तीन प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली तर इच्छेनुसार बाटली घ्यावी. उत्तरांऐवजी केवळ नव्या स्तुतीचे शब्द मिळाले, तर पैसे गाठीला ठेवून वैद्यांचे घर गाठावे.